आमच्या रांगेतला शेवट

हसण्यासारखं तसं काही नव्हतं. पडद्यावर धाकट्या भावानं भिंतीला टेकवलेली पहार उचलली, थोरला पाठमोरा, तिजोरीवर वाकलेला, आणि पहार हातात घेऊनसुद्धा धाकटा नुसता उभाच. बाजा थांबला. हॉलमध्ये शेंगा फोडल्याचा आवाज येत होता तोही बंद झाला. आणि तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी बाई खणखणीत म्हणाली, "आता हाण की रं! मुहूर्त बघतुयास व्हय?" झालं. अख्खा हॉल खदखदून हसला. मंगळवारचा तीनचा खेळ खास बायकांचा. पुरुषमाणूस म्हणून आत फक्त बॅटरीवाला, आणि तोही हसला. महादेवीला हसू आलं नाही. तिनं खुर्चीची लाकडी दांडी दोन्ही हातांनी धरली.

शेजारून कोपर लागलं. "एनंद्ळु?" काशम्मानं, तिच्या सासूनं, विचारलं. काय म्हणाली ती?

"पोरासाठी पाणी मागतेय," महादेवी कानडीत म्हणाली.

"त्यात हसायचं काय?"

"बायकांना हसायला कारण लागतं होय, अत्ती?"

तोवर पहार खाली आली होती. पडद्यावरचा थोरला भाऊ तिजोरीच्या उघड्या दारावर कोसळला, जिन्यावर उभ्या असलेल्या आईच्या हातातलं ताट खाली पडून गरगरत राहिलं, आणि हसणाऱ्या त्याच बायका आता "अगं आई गं", "मेल्या, हात झडतील तुझे" म्हणून कळवळू लागल्या. महादेवीनं डोळे मिटून घेतले. ताट थांबेपर्यंत ती तशीच बसली. सासूचं कोपर पुन्हा लागलं नाही. जे दिसत होतं ते सांगायची गरज नव्हती.

हे कोपराचं प्रकरण जुनं होतं. काशम्मा अक्कलकोटच्या पलीकडची. तिचं मराठी भाजी घेण्यापुरतं आणि शेजारणीशी भांडण्यापुरतं; सिनेमातलं हिंदी तर तिला तोंडात गूळ धरून बोलल्यासारखं वाटायचं. महादेवी वैरागची, घरात कानडी, पण मराठी शाळेत सातवी झालेली, हिंदीच्या परीक्षेला बसलेली. नवी नवरी म्हणून ती सोलापूरला आली तेव्हा सासू-सुनेला मीठ, पीठ आणि पाणी यापलीकडे बोलायला काही नव्हतं, आणि जे होतं त्यातूनही ठिणगी उडायची. तेव्हा निंगप्पानं, म्हणजे तिच्या धाकट्या दिरानं, तिकिटाच्या खिडकीवर धक्के खाऊन दोन तिकिटं आणली आणि दोघींना टांग्यात बसवून दिलं. "वैनी, तुमी आईला समदं सांगत बसा. तोंड तितं गुतलं म्हंजे घरात भांडान न्हाय," तो म्हणाला होता. आणि खरंच, अंधारात सासूच्या कानाशी तोंड नेऊन बोलता बोलता त्या कानाची तिला सवय झाली. खोबरेल तेलाचा आणि विभूतीचा वास, ताणून लोंबलेली कानाची पाळी, तिच्यातलं जड कुडीचं भोक. सगळ्या हॉलमध्ये हेच चालायचं. पुढं साखरपेठेतल्या विणकरांच्या सुना सासवांना तेलुगूत सांगायच्या, पलीकडे कुणी मराठीत, कोपऱ्यात कुणी आपल्या आजीला खेड्यातल्या बोलीत. एक सिनेमा पडद्यावर चालायचा आणि खाली अंधारात आणखी तीन-चार. कुणाचा कुठला खरा, हे विचारायला कुणी येत नव्हतं. कधीकधी मात्र महादेवीनं सांगायच्या आधीच काशम्मा हसलेली असायची. "न सांगता कळलं तुम्हाला?" असं विचारलं की म्हणायची, "तोंडावरून कळतं. सांग तू. तू सांगितल्याशिवाय मला सिनेमा बघितल्यासारखं वाटत नाही."

आज सांगताना मात्र महादेवीची जीभ टाळ्याला चिकटत होती. कारण आज सकाळी निंगप्पा आला होता. मागच्या दारानं, मोरीपाशी, हातात कापडी पिशवी आणि कपाळावर विभूती. काशम्मा तेव्हा पूजेला बसली होती, डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेऊन, पाठ स्वयंपाकघराकडे. एकदा बसली की पूजा होईपर्यंत ती उठत नसे. निंगप्पा आत आला नाही. उंबऱ्यापासून हातभर लांब उभा राहून त्यानं पहिलं विचारलं ते, "अण्णाचा हात कसा हाय?" तुरुंगातून सुटल्यावर तो अक्कलकोटला मठात राहिला होता, झाडलोट करत, पंगतीत जेवत. आता गदगला कापसाच्या एका जिनात काम लागलं होतं. आज संध्याकाळच्या विजापूरच्या गाडीनं जाणार होता. "एकदा आईला बघावं म्हनलं. आत न्हाय येत. नुसतं बघून जातो. तुमी इचारा, वैनी. न्हाय म्हनली तरी येऊन सांगा. ताटकळत ठिवू नका." महादेवीनं घाईघाईनं भाकरी आणि शेंगाचटणी फडक्यात बांधली, तर तो मागं सरकला. "नगो. आदी इचारा." मग ती म्हणाली, तळ्याच्या पायऱ्यांवर थांबा, देवळाच्या बाजूला, मी सांगते. आणि दिवसभर तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. नवऱ्याला तेवढं सांगितलं. वीरभद्रप्पा दुकानात जायला टोपी घालत होता. उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत म्हणून सगळं डाव्या हातानं. तो आरशात बघत म्हणाला, "आईला विचार." मग दारापर्यंत गेला, परत आला, आणि आरशात न बघता म्हणाला, "भाकरी जरा जास्त टाक." ज्याचा हात मोडला तो एवढं बोलून गेला, आणि जिची जीभ धड होती ती सकाळपासून गप्प.

तो हात मोडला त्या दिवशीचं महादेवीला सलग काही आठवत नसे, तुकडे आठवत. चाटी गल्लीतलं चादरींचं दुकान. वाटणीचं बोलणं आठवडाभर चाललेलं, दोघा भावांचे आवाज चढलेले. दुकानात मापाला मीटर आला तरी जुना लोखंडी गज गादीच्या कडेला पडूनच असायचा. त्यानं दार अडवायचे, कुत्री हाकलायचे. निंगप्पानं तो उचलला आणि वीरभद्रप्पानं डोकं वाचवायला हात वर केला. एवढंच. डोक्याला मुका मार, हाताच्या हाडांचा चुरा. काशम्मा त्याच वेळी जेवणाचा डबा घेऊन दुकानाच्या पायरीवर उभी होती. थोरल्याचा डबा. धाकट्यावर ती रुसली होती, सकाळपासून त्याला ताट वाढलं नव्हतं, वाटणी मागणाऱ्यानं आपलं आपण बघावं म्हणून. नंतर निंगप्पा पळाला नाही. गज हातात घेऊन तिथंच बसून राहिला, लहानपणी मार खाऊन कोपऱ्यात बसायचा तसा.

आणि मग कोर्ट. काशम्माला साक्षीला बोलावलं तेव्हा सगळ्या गल्लीचं म्हणणं की आई आहे, फिरेल. ती फिरली नाही. गळ्यातल्या लिंगाला हात लावून ती कानडीत बोलली, आणि कोर्टातल्या एका कारकुनानं तिचं बोलणं मराठीत सांगितलं. "होय. मारलं. मी बघितलं." मागच्या बाकावर महादेवी बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. काशम्मा त्याच्यापुढंही बोलली होती, लांबलचक, मान खाली घालून. पोर सकाळपासून उपाशी होतं. मी वाढलं नव्हतं. माझाही त्यात हात आहे, तेवढं लिहून घ्या. कारकून क्षणभर थांबला, वकिलांनी हात हलवला, विचारलंय तेवढंच सांगा, आणि ते वाक्य तिथंच हवेत राहिलं, कुणाच्या मराठीत उतरलंच नाही. काशम्माला वाटलं सांगितलं. तिला वाटलं सगळ्यांनी ऐकलं, आणि ऐकूनही काही फरक पडला नाही. महादेवीनं तिला कधी सांगितलं नाही की बाई, तुमचं अर्धं बोलणं कुणी ऐकलेलंच नाही. काय सांगायचं? आणि कधी?

त्यानंतर गल्लीनं काशम्माला डोक्यावर घेतलं. पोटच्या पोराला शिक्षा देणारी आई. वाघीण. देवळात बायका तिला पुढं जागा द्यायच्या, लग्नकार्यात लोक पोरासोरांना तिच्या पाया पडायला लावायचे. एकदा अशाच भरल्या पंगतीत कुणीतरी विचारलं, आता सुटून आला तर? आणि काशम्मा लिंगाला हात लावून म्हणाली, "माझा उंबरा त्याला बंद." सगळे वाहवा म्हणाले. लोकांची वाहवा म्हणजे पायात घातलेला तोडा, दिसायला दागिना आणि चालायला बेडी, असं महादेवीला तेव्हा वाटून गेलं होतं. कारण त्या रात्री जेवणानंतर काशम्मानं एक ताट उगाचच धुऊन पालथं घातलं होतं. त्या ताटात कुणी जेवलं नव्हतं.

मध्यंतराचे दिवे लागले. मागच्या रांगेतली ती खणखणीत बाई म्हणजे दुसरी कोणी नव्हे, शेजारची सोनाबाईच निघाली. तिचा नवरा गिरणीत, आणि ती स्वतः गल्लीचा भोंगा. गिरणीचा एक वेळ चुकेल, सोनाबाईचा चुकायचा नाही. पदरात शेंगा घेऊन ती पुढं वाकली. "अक्का, बघितलं का? लई बेकार पोरगं. आता बघा, म्हातारी कोर्टात कशी सांगती ते. मी ऐकलंय समदं, आमची नणंद रैवारीच येऊन गेली. अगदी तुमच्यावानी हाय बगा म्हातारी. वाघीन!" आजूबाजूच्या बायका वळून बघू लागल्या. एकीनं दुसरीला कोपरानं खुणावलं, ह्याच त्या. काशम्मा समोरच्या पांढऱ्या पडद्याकडं बघत राहिली. तिथं आता साबणाची जाहिरात लागली होती. सोनाबाईनं शेंगा पुढं केल्या, काशम्मानं घेतल्या नाहीत. "फाशी झाली पायजे असल्याला," पलीकडची एक म्हणाली. "फाशी कशाला? जन्मभर सडू द्या," दुसरी म्हणाली. "आणि बायको बिचारी त्या थोरल्याची," तिसरी हळहळली. महादेवीला वाटलं आपणच पडद्यावर उभ्या आहोत आणि ह्या सगळ्या तिकीट काढून आपल्याला बघायला बसल्यात. उठावं, सासूचा हात धरावा आणि बाहेर पडावं. पण बाहेर पडून सांगायचं काय? बाहेर ऊन कलायला लागलं असेल. गड्ड्याची जत्रा नुकतीच उठलेली, तिच्यातले पाळणे अजून अर्धवट उतरवून पडलेले, आणि तळ्याच्या पायरीवर एक माणूस पिशवी मांडीवर घेऊन रस्त्याकडं बघत बसलेला. आता ती कोपराची वाट न बघता सासूकडं वळली. "अत्ती," ती म्हणाली. काशम्मानं तिच्याकडं बघितलं. दिवे गेले.

कोर्टाचा सीन लागला तेव्हा हॉल इतका शांत झाला की पंख्यांची खरखर ऐकू येऊ लागली. पांढऱ्या साडीतली आई पिंजऱ्यात उभी राहिली. तिनं गीतेवर हात ठेवला. वकील काहीतरी गरजला आणि ती सावकाश बोलू लागली, प्रत्येक शब्द घडवून ठेवल्यासारखा. महादेवी कानाशी वाकली. "ती म्हणतेय, होय, मारलं. मी बघितलं." काशम्माची मान हलली. पडद्यावरची आई पुढं बोलतच होती, न्यायाबद्दल, दुधाबद्दल, कलंकाबद्दल, मोठं जड हिंदी, आणि बायका आत्ताच नाकं ओढायला लागल्या होत्या. महादेवीनं ऐकलं, पण तिच्या तोंडातून जे आलं ते त्यातलं नव्हतं. ते कुठून आलं ते तिला पुढंही कधी नीट सांगता आलं नाही. तिचं तोंड सासूच्या कानाशी होतं, तेल आणि विभूतीचा वास येत होता, आणि ती कानडीत सांगत होती, "ती म्हणतेय, पोर सकाळपासून उपाशी होतं. मी त्याला वाढलं नव्हतं. माझाही त्यात हात आहे."

काशम्माचा हात आला आणि महादेवीच्या मनगटावर घट्ट बसला. बांगड्या रुतल्या. महादेवीला वाटलं, संपलं. आता उठेल, आता मला हाणेल, सिनेमातच हाणेल. मग कानाशी अगदी बारीक, कोरडा आवाज आला. "आणि जज्ज काय म्हणतोय?"

पडद्यावर जज्ज खाली मान घालून टाक चालवत होता. "लिहून घेतोय," महादेवी म्हणाली.

"सगळं?"

"सगळं. बघा की, लिहितोय."

काशम्मा बघत राहिली. जज्जाचा हात पडद्यावर क्षणभरच होता, मग दुसरं काहीतरी आलं, पण मनगटावरची पकड सैल झाली नाही. आणि महादेवीला एकदम हलकं वाटलं, आणि त्याच्याच जोडीला भीतीही वाटली, पोहता न येणाऱ्यानं विहिरीत एक पायरी उतरावी आणि पाणी थंडगार गोड लागावं तशी. एकदा उतरल्यावर पुढची पायरी आपोआप आली. धाकटा भाऊ तुरुंगात जात्यावर दळत होता, पडद्यावरचे लोक त्याला शिव्या घालत होते, आणि इकडे काशम्माच्या कानात तो आईची चौकशी करत होता. पडद्यावर थोरल्याची विधवा शाप देत होती. कानात ती म्हणत होती, झालं ते झालं, घर एवढं मोठं आहे. महादेवीचा आवाज आता थरथरत नव्हता. वैरागला लहानपणी ती भावंडांना गोष्टी सांगायची तेव्हा राक्षसाला शेवटी आजारी पाडून त्याला काढा द्यायची, म्हणून सगळे तिला हसायचे. तिला ते आठवलं आणि अंधारात जरा हसू आलं.

शेवट मात्र अवघड होता. पावसातून, चिखलातून, दाढी वाढलेला धाकटा घरासमोर आला. पायऱ्यांवर कोसळला. "माँ," तो ओरडला, आणि हॉलमधला श्वास अडकला. दारात आई उभी होती. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाली की माझा मुलगा त्याच दिवशी मेला, तू कोण ते मला ठाऊक नाही. एवढं हिंदी तर रस्त्यावरच्या पोरालाही कळलं असतं. काशम्माचं कोपर लागलं.

"एनंद्ळु?"

"ती म्हणतेय," महादेवी म्हणाली, आणि थांबली. थांबायला वेळ नव्हता. "ती म्हणतेय, किती वाळलास. आत ये."

पडद्यावर आईनं दोन्ही कवाडं ओढली आणि दार धाडकन लागलं.

"दार लावलं की तिनं."

"वारा येतोय, अत्ती. पाऊस बघा केवढा."

"कडी वाजली."

"ती आतल्या खोलीची. त्याला कोरडे कपडे काढतेय."

महादेवीनं हे म्हटलं आणि तिचं तिलाच वाटलं की ह्याला काही अर्थ नाही, हे कुणी लहान मूलही मानणार नाही. पोर बाहेर पावसात पडलेलं दिसत होतं. आणि तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. पहिल्यांदा मागच्या रांगेत सोनाबाईच्या, मग बाल्कनीत, मग सगळीकडे. बायका उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या, कुणी पदरानं डोळे पुसत वाजवत होत्या, एकीनं तर शिट्टी मारली.

"ह्या कशाला टाळ्या वाजवतायत?" काशम्मानं विचारलं.

"तिनं त्याला आत घेतलं म्हणून."

"सगळ्या?"

"सगळ्या," महादेवी म्हणाली. आता तिला रडू आलं होतं आणि ते तिनं लपवलं नाही.

काशम्मा त्या गदारोळाकडं मान वळवून बघत राहिली. सगळ्या सोलापूरच्या बायका जणू, चादरीवाल्यांच्या, विडीवाल्यांच्या, गिरणीवाल्यांच्या. टाळ्या हळूहळू विरल्या, दिवे लागले, खुर्च्या खाडखाड मिटल्या. आणि सगळं थांबल्यावर काशम्मानं आपले दोन्ही हात पुढं घेतले आणि टाळी वाजवली. एकदा, दोनदा, सावकाश. पुढच्या बायका वळून बघू लागल्या, म्हातारीला आत्ता कळलं वाटतं म्हणून हसल्या. तिला त्याचं काही नव्हतं.

बाहेर दिवस मावळतीला आला होता. टांगा मिळाला तेव्हा सोनाबाईही चढली. गल्ली एकच, आणि ती सोडणारी नव्हती. महादेवीला आता सोनाबाईच्या तोंडाची भीती वाटत होती. ते तोंड चुन्याची डबी मिटेपर्यंत बंद होतं, मग उघडलं. "काय म्हातारी, काय म्हातारी! अक्का, मला तर तुमीच दिसत हुता. पोरगं पाया पडतंय, पाऊस पडतोय, आन् तिनं दार लावलं की त्वांडावर! वर कडी! मी म्हनलं, शाब्बास! आईनं असावं तर असं." झालं. महादेवीनं टांग्याची दांडी धरली. घोड्याच्या टापांचा आवाज तिला डोक्यात ऐकू येऊ लागला. तासाभराचं सगळं रचलेलं एका वाक्यात खाली आलं होतं, आणि सोनाबाईचं मराठी असं की ते काशम्माला कळण्यासाठी कुणी सांगायची गरज नव्हती.

काशम्मानं पदर नीट केला. गळ्यातल्या लिंगाची गाठ चाचपली. मग तिच्या त्या भाजीपुरत्या मराठीत म्हणाली, "सोनाबाई, तुमी कुटल्या रांगेत बसला हुता?"

"आता? तुमच्या मागंच की, अक्का."

"मग मागं येगळं दाखवत असतील," काशम्मा म्हणाली. "आमच्या रांगेत तिनं पोराला घरात घेतलं."

सोनाबाईनं तोंड उघडलं. महादेवीकडं बघितलं, काशम्माकडं बघितलं, आणि मिटलेली चुन्याची डबी पुन्हा उघडली. टांगा चौकात आला. डावीकडं घर, उजवीकडं तळं. काशम्मा सुनेकडं न बघता कानडीत बोलू लागली, रोज पिठामिठाचं बोलावं तशा आवाजात. "सकाळी पीठ दुप्पट मळलंस तू. पूजेत डोळे लिंगावर असतात, बाई. कान कुठं असतात?"

महादेवीनं दांडीवरचा हात काढून मांडीवर घेतला.

"कुठं बसवलंयस त्याला?"

"तळ्याच्या पायऱ्यांवर."

काशम्माचे ओठ हलत होते, पूजेच्या वेळी हलतात तसे, पण पूजेचं काही नव्हतं. आणि मग तिनं विचारलं, कोर्टात विचारायचं राहून गेलेलं, कारकुनाच्या मराठीत कधी न आलेलं, "उंडानेनु? जेवलाय का तो सकाळपासून?"

"नाही," महादेवी म्हणाली. "भाकरी दिली होती. घेतली नाही. आधी आईला विचारा म्हणाला."

टांगेवाला लगाम खेचून मागं वळला होता. चौकात वाट अडली होती, मागून सायकलींच्या घंट्या वाजत होत्या. "अम्मा क्या बोले?" त्यानं विचारलं.

"तळ्याकडं घ्या म्हणाल्या," महादेवीनं सांगितलं.

सोनाबाई कोपऱ्यात सरकून बसली, आणखी एक माणूस बसेल एवढी जागा करून. टांगेवाला अजून चौकातल्या गर्दीकडं बघत होता. तेव्हा काशम्मानं पुढं वाकून त्याच्या खांद्यावर बोट टेकवलं आणि कुणाच्या मदतीशिवाय, स्वच्छ हिंदीत म्हणाली, "जल्दी चलो, बेटा. बच्चा भूखा है."